कोल्हापूरचा खात्रीशीर ऑनलाइन ज्ञानकोश करायचाय, पण खात्री कोण करणार आणि कशी?

कळंबा_कट्टा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा छोटा छापखाना आहे. जयंतीची पत्रकं, शताब्दीच्या स्मरणिका, तालमींचे अहवाल, पतसंस्थांचे विशेषांक असलं सगळं आमच्याकडं छपाईला येतं आणि प्रुफं वाचताना दिसतं की एकाच गोष्टीची तीन जण तीन सालं लिहून देतात. कुस्त्यांचं खासबाग मैदान १९१२ ला पूर्ण झालं हे बहुतेकांचं जुळतं, पण तिथं माणसं किती बसतात हा आकडा प्रत्येक स्मरणिकेत वेगळा. कुठनं घेतला विचारलं की उत्तर ठरलेलं, "नेटवर हाय की." नेटवर बघावं तर तिथं एका ब्लॉगनं दुसऱ्या ब्लॉगचं उचललेलं आणि त्याच्या मागं काहीच नाही. आणि एकदा छापून गेलं की तेच पुढच्या माणसाचा पुरावा होतंय, ह्याचा मला खरंच त्रास होतो कारण छापतोय आम्हीच.

तर आम्ही तिघं मित्र (एकजण सॉफ्टवेअरमध्ये, एकजण कॉलेजवर इतिहास शिकवतो) मिळून कोल्हापूर जिल्ह्याचा एक ऑनलाइन ज्ञानकोश करायचं म्हणतोय. माणसं, वास्तू, तालमी, तलाव, पिकं, धंदे, पूर, सिनेमा, सगळं. मराठीत, फुकट, आणि वाचणाऱ्याला डोळे झाकून नाही तर डोळे उघडून भरवसा ठेवता येईल असा.

अडलंय इथं. आमचे इतिहासवाले मित्र म्हणतात लेख फक्त जाणकारांनीच लिहायचा, दोन जाणकारांनी तपासायचा, मगच तो बाहेर. सॉफ्टवेअरवाला म्हणतो असं केलं तर दहा वर्षांत शंभर पानं होणार नाहीत, सगळ्यांना लिहू द्या, चुकलं तर कोणीतरी दुरुस्त करतंय. मला दोघांचं पटतं आणि दोघांचं अर्धंच पटतं. शिवाय चप्पल करणारे, वस्ताद, गुऱ्हाळवाले यांच्याकडं जे ज्ञान आहे ते कुठल्याच पुस्तकात नाही, त्याचा पुरावा काय दाखवायचा? ज्यांनी असलं काही केलंय किंवा जवळनं बघितलंय त्यांनी सांगा.

पेठेतला_संपादक

भावा, विषय काढलास बरं झालं. मी मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं संपादनं करतोय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या दोन मित्रांचं भांडण नवीन नाही, ते जगात आधी होऊन गेलंय आणि त्याचा निकालही लागलाय. विकिपीडियाच्या आधी २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश काढला होता. लेखक जाणकारच हवा आणि लेख सात टप्प्यांच्या तपासणीतनं जायला हवा असा नियम. पहिल्या वर्षात जेमतेम वीसेक लेख पास झाले. मग १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला, तोही सुरुवातीला न्यूपीडियासाठी कच्चा माल मिळावा म्हणून, आणि बघता बघता तोच मोठा झाला. न्यूपीडिया २००३ ला बंद. पुढं सँगरनं परत सिटिझेंडियम काढून बघितला, खऱ्या नावानं लिहायचं, जाणकारांच्या देखरेखीखाली, पण तोही कधी बाळसं धरू शकला नाही.

ह्यावरनं लगेच "जाणकार नकोत" असं कोणी म्हणू नका. मोकळं सोडलं की काय होतं त्याचीही उदाहरणं आहेत. २००५ साली जॉन सायगेनथॉलर ह्या अमेरिकन पत्रकाराच्या पानावर कोणीतरी लिहून ठेवलं की केनेडी हत्येत ह्यांचा हात असल्याचा संशय होता. धादांत खोटं. चार महिने ते तसंच पानावर राहिलं कारण कोणी बघितलंच नाही. मोठ्या इंग्रजी विकिपीडियावर ही गत, तर आपल्या जिल्ह्याच्या साईटवर एखाद्या नगरसेवकाच्या पानावर काय काय होईल ते तूच बघ. त्यामुळं पहिला नियम हा लिहून ठेव की हयात माणसाबद्दलचं एकही वाक्य पुराव्याशिवाय पानावर राहणार नाही, लगेच काढायचं, चर्चा नंतर.

आता माझं स्पष्ट मत. लेख तपासला की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे, वाक्य तपासलं की नाही ते विचारा. वीस वाक्यांच्या लेखात सतरा वाक्यं पक्की असतात आणि तीन ऐकीव, आणि वर एकच शिक्का मारला "तपासलेला लेख" तर त्या तीन वाक्यांनाही फुकटची इज्जत मिळते. उलट प्रत्येक वाक्यापुढं दाखवता आलं की हे कुठल्या कागदातनं आलंय, कुठलं पान, कोणी बघितलं आणि कधी बघितलं, तर मग लिहिणारा प्राध्यापक आहे की रिक्षावाला ह्यानं फरक पडत नाही. ज्या वाक्याला आधार नाही ते वेगळ्या रंगात दिसू दे, लपवू नका. वाचणाऱ्याला कळू दे की इथं जमीन भुसभुशीत आहे.

आणि एक तिसरा रस्ता पण बघून ठेवा, स्टॅनफर्ड विद्यापीठाचा तत्त्वज्ञानाचा ज्ञानकोश. १९९५ पासून नेटवर आहे, पूर्ण फुकट. प्रत्येक नोंदीखाली लेखकाचं नाव, विषयाचे संपादक ठरलेले, आणि मुख्य म्हणजे दर तीन महिन्यांनी अख्ख्या कोशाची एक प्रत गोठवून ठेवतात. म्हणजे तुम्ही आज एखादं वाक्य स्मरणिकेत वापरलं आणि उद्या ते पान बदललं, तरी तुम्ही वापरलेलं पान जसंच्या तसं सापडतंय. छापखान्यावाल्याला ह्याची किंमत सांगायला नको.

उचगाव_फाटा

सगळं बरोबर आहे पण मला एक सांगा, नवीन साईट कशाला? मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, तिथंच लिहा की. डोमेनचे पैसे कोण भरणार, सर्व्हर कोण बघणार, तिघांपैकी एकाची बदली झाली आणि एकाचं लग्न झालं की साईट बंद पडणार आणि लोकांनी घातलेली मेहनत सगळी पाण्यात. अशा कितीतरी मराठी साईट उघडून बंद झालेल्या बघितल्यात मी. उत्साह मोडायचा नाही मला, पण जे आहे ते बळकट करणं जास्त गरजेचं आहे असं मला मनापासनं वाटतं.

मोडी_दप्तर

वरची चर्चा वाचली. मी पुराभिलेखागारात मोडी कागद वाचायला जाणारा माणूस, निवृत्तीनंतर तेच करतो. तांत्रिक भाग मला फारसा कळत नाही, पण पुराव्याबद्दल दोन शब्द लिहावेसे वाटतात.

एकच उदाहरण घेतो, राजर्षी शाहू महाराजांची जन्मतारीख. आज आपण २६ जून १८७४ मानतो, शासनही त्याच दिवशी सामाजिक न्याय दिन पाळतं. पण जुन्या छापील चरित्रांत आणि लेखांत २६ जुलै १८७४ सापडते. त्यात भर म्हणजे मागासवर्गीयांना नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा महाराजांचा हुकूम २६ जुलै १९०२ चा आहे, तो करवीर गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाला, महाराज त्या वेळी इंग्लंडला होते. आता नवीन मुलगा जुनं पुस्तक उघडतो, जुलै बघतो, नेटवर जून बघतो, मग कुठंतरी १९०२ चा जुलै बघतो आणि त्याच्या डोक्यात सगळ्याचा काला होतो. ज्ञानकोशानं इथं काय करायला पाहिजे? नुसतं "२६ जून" लिहून मोकळं होऊ नये. जून का मानतो, जुलै कुठं छापलंय, कोणत्या सालच्या पुस्तकात, हे दोन ओळींत त्याच जागी लिहावं. नाहीतर दर सहा महिन्यांनी कोणीतरी जुनं पुस्तक हातात घेऊन येणार आणि "दुरुस्त" करून जाणार.

दुसरं असं की लोक पुरावे मोजतात, ते वजन करत नाहीत. एक चूक एका चरित्रात झाली, त्यावरनं पाच गौरवग्रंथांनी उचलली, त्यावरनं पन्नास वर्तमानपत्री लेख झाले, तर तो पुरावा एकच आहे, छप्पन नव्हेत. म्हणून प्रत्येक आधाराच्या मागं जाऊन बघावं लागतं की ह्यानं हे कुठनं घेतलं. मूळ कागद म्हणजे हुकूम, गॅझेट, जमाखर्च, शिलालेख, ताम्रपट. त्याच्यावर अभ्यास करून लिहिलेलं पुस्तक ही दुसरी पायरी. स्मरणिका, सत्कारग्रंथ, भाषणं ही तिसरी, आणि तिथं माणूस मोठा करून सांगायची रीतच असते हे लक्षात ठेवायचं.

मूळ कागद म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही बरं का. मुंबई गॅझेटियरचा कोल्हापूरचा खंड १८८६ चा आहे, माहितीची खाण आहे, पण तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोळ्यांनी बघितलेला कोल्हापूर आहे. कोणत्या जातीबद्दल काय शेरे मारलेत ते वाचलं की कळतं. तिथला पावसाचा, पिकांचा, रस्त्यांचा तपशील घ्या. शेरे घेतले तर "१८८६ साली सरकारी अधिकाऱ्यांनी असं लिहिलं" ह्या शब्दांतच घ्या. आणि मोडी कागदावरची तिथी शकाची असते, तिचं इंग्रजी तारखेत रूपांतर करताना एक-दोन दिवसांचा फरक पडू शकतो, म्हणून मूळ तिथी आणि शक कायम शेजारी ठेवा, फक्त इंग्रजी तारीख ठेवलीत की चूक शोधायची वाटच बंद होते.

उचगावच्या मित्रांनी काळजी व्यक्त केली ती रास्त आहे. आपल्याकडं कोशाची कामं माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब चालतात. केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड जिद्दीनं काढले पण त्यांच्यामागं तो वाढता ठेवणारी व्यवस्था उभी राहिली नाही. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला, पहिला खंड १९७६ ला आला, शास्त्रीबुवा १९९४ ला गेले तेव्हाही काम चालूच होतं, पण मागं मंडळ होतं म्हणून ते पुढं गेलं आणि आज सगळे खंड नेटवर वाचता येतात. तेव्हा तिघांनी सुरू करा, पण तिघांच्या नावावर ठेवू नका. वाचनालय, महाविद्यालय, एखादी नोंदणीकृत संस्था, कोणाच्या तरी दप्तरी हे काम लागलं पाहिजे.

कागलच्या_बाई

नमस्कार, मी शिक्षिका आहे. सरांनी शाहू महाराजांचं उदाहरण दिलं म्हणून लिहिते. आमच्या कागलमध्ये निम्म्या मुलांच्या प्रकल्पवहीत "महाराजांचा जन्म कागलला झाला" असं असतं. घराणं आमच्या कागलच्या घाटग्यांचं, मूळ नाव यशवंतराव, १७ मार्च १८८४ ला दत्तक गेले, हे सगळं खरं आणि आम्हाला त्याचा अभिमान आहेच, पण जन्म कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला. मी मुलांना दुरुस्त करते तर पालक येऊन म्हणतात बाई तुम्ही कागलच्या असून असं कसं सांगता. अशा वेळी मला दाखवायला एक पान पाहिजे, मोबाईलवर उघडणारं, सोप्या मराठीत, आणि त्यावर लिहिलेलं पाहिजे की हे कशावरनं. एवढं झालं तरी माझ्यासारख्या शेकडो शिक्षकांचं काम होईल.

आता दादांनी विचारलं की ज्यांचं ज्ञान पुस्तकात नाही त्यांचं काय. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि कृपा करून तो मागं ढकलू नका. चपलेचंच घ्या. नेटवर "कोल्हापुरी चप्पल" शोधलं की सेलिब्रिटींचे फोटो आणि २०२५ मधला प्राडा ह्या परदेशी ब्रँडचा वाद. पण कापशी चप्पल कशी ओळखायची, पुकरी आणि बक्कलनाली ह्या प्रकारांत काय फरक, चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावताना त्याचा वास आणि रंग कसा बदलत जातो, वेणी घालायचं काम घरातल्या बायका करतात तेव्हा ती किती बारीक पदरांची असते, हे कोण लिहिणार? आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत, त्या वेणीवर नुसता अंगठा फिरवून सांगतात की ही हातानं वळलीय की मशीनवरनं आलीय. मी विचारलं कसं कळतं, तर म्हणाल्या हातानं वळलेली अंगठ्याला कुठं ना कुठं अडतीच, मशीनची सरळ घसरती. हे कुठल्या पुस्तकात आहे सांगा.

विकिपीडियाशी जोडलेल्या काही लोकांनी २०११ च्या सुमारास भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत ह्याच्यावर एक प्रयोग केला होता, लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करून त्यांनाच संदर्भ मानायचं. विकिपीडियाच्या नियमात ते काही नीट बसलं नाही, पण तुमचा कोश तुमचा आहे, तुम्ही नियम करू शकता. मला सुचतं ते असं की बोलणाऱ्याची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, मूळ आवाज पानावर ठेवा, आणि एकच गोष्ट वेगवेगळ्या गावच्या, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघा-तिघांनी सांगितली तर तसं लिहा, एकानंच सांगितली तर तसं लिहा. "तोंडी माहिती" असा स्वच्छ शिक्का असू दे. तो कमीपणाचा शिक्का नाही, फक्त माल कुठला ते सांगणारा आहे. आणि ज्यानं सांगितलं त्याचं नाव त्याला हवं असेल तर मोठ्या अक्षरात द्या, आजवर ह्या लोकांची नावं कुठंच आलेली नाहीत.

आणि अभिमानापुढं माहिती वाकवू नका एवढी विनंती. चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. कोल्हापूरच्या कोशात हे पहिल्या परिच्छेदातच असायला पाहिजे, लोकांना आवडो न आवडो.

राजाराम_बंधारा

बाईंना शंभर टक्के अनुमोदन. मी पुराच्या आकड्यांचा नाद असलेला माणूस आहे, त्यावर लिहितो.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे इथल्या शेंबड्या पोराला पण माहीत आहे. पण पावसाळ्यात फॉरवर्ड होणारे आकडे कधी नीट बघा. मूळ आकडा असतो ४३ फूट ५ इंच. कोणीतरी घाईत लिहितो ४३.५. पुढचा माणूस ते साडेत्रेचाळीस वाचतो, म्हणजे ४३ फूट ६ इंच झाले. इथं एकच इंच गेला म्हणाल, पण ४३ फूट ११ इंच असेल तर तो लिहितो ४३.११, आणि एक्सेलमध्ये टाकलं की एक्सेल म्हणतं ४३.११ हे ४३.५ पेक्षा लहान. झालं, वाढणारं पाणी तक्त्यात उतरायला लागलं! २०१९ आणि २०२१ च्या पुरात घर सोडायचं की थांबायचं हे लोक असल्या आकड्यांवर ठरवत होते, म्हणून मी एवढं तावातावानं लिहितोय.

त्यामुळं तुमच्या कोशात आकडा एकटा येता कामा नये. आकडा, एकक, किती वाजता मोजला, कुठं मोजला, कोणी जाहीर केला. सकाळी ८ ची पातळी आणि रात्री १० ची पातळी एकाच दिवसाच्या नावावर फिरतात आणि मग लोक भांडतात तुझं खरं की माझं, दोघांचंही खरंच असतं. माझ्याकडं अलीकडच्या काही पावसाळ्यांच्या रोजच्या नोंदी आहेत, सरकारी बुलेटिनमधनं उतरवलेल्या, त्या मी देतो. पण माझ्या नावावर विश्वास ठेवून घेऊ नका, शेजारी बुलेटिनचा फोटो जोडूनच घ्या.

उचगाव फाटा, तुमच्या मुद्द्याला एक उत्तर आहे बघा. लेख मोकळ्या परवान्यात ठेवायचे, म्हणजे नाव देऊन कोणीही वापरू शकतं, आणि महिन्याला अख्ख्या साईटची प्रत दोन-तीन ठिकाणी उतरवून ठेवायची. साईट बंद पडली तरी मजकूर मरत नाही.

कळंबा_कट्टा

काय लिहिलंय राव सगळ्यांनी, मनापासनं आभार. मित्रांना वाचायला पाठवलंय. वाक्याला आधार ही कल्पना इतिहासवाल्याला पण पटली आणि सॉफ्टवेअरवाल्याला पण, म्हणजे आमचं भांडण तुम्हीच मिटवलं. सर, संस्थेचं तुम्ही म्हणता ते डोक्यात ठेवलंय, कोणाकडं जायचं ते ठरवतोय.

एक शंका राहिली. सॉफ्टवेअरवाला म्हणतोय की सुरुवातीला एआयकडनं जिल्ह्यातल्या बाराशेच्या आसपास गावांची पानं लिहून घेऊ, रिकामी साईट बघून लोक परत जातात, भरलेली दिसली की लोक येतील आणि दुरुस्त्या करतील. मला हे खटकतंय पण नेमकं का ते त्याला पटवता येईना.

पेठेतला_संपादक

अजिबात करू नका. कारण सांगतो.

स्कॉट्स भाषेचा विकिपीडिया आहे, स्कॉटलंडची भाषा. २०२० साली उघडकीला आलं की त्यातले हजारो लेख एका अमेरिकन पोरानं लिहिलेत ज्याला ती भाषा येतच नव्हती. शब्दकोशातनं शब्द उचलून इंग्रजी वाक्यांत बसवायचा. पोरगा वाईट नव्हता, आपण मदत करतोय असंच त्याला वाटत होतं. पण अनेक वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही कारण पानं भरलेली दिसत होती आणि तपासणारी माणसं मूठभर होती. भरलेलं पान बघून दुरुस्त करायला कोणी येत नाही रे, उलट भरलेलं दिसलं की तपासलेलंच असणार असं समजून लोक पुढं जातात. रिकामं पान निदान सांगतं तरी की इथं काम बाकी आहे.

आणि त्याहून वाईट म्हणजे गोल फिरणारा पुरावा. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्यानं कोआटी नावाच्या प्राण्याच्या पानावर गमतीनं एक टोपणनाव घुसडलं, ब्राझिलियन आर्डव्हार्क. असं नाव कोणी वापरत नव्हतं. पण पत्रकारांनी विकिपीडिया वाचून बातम्यांत वापरलं, मग त्याच बातम्या विकिपीडियावर त्या नावाचा पुरावा म्हणून जोडल्या गेल्या. तुमच्या साईटवर एआयनं एखाद्या गावाच्या देवळाचं साल ठोकून दिलं, ते तुमच्याकडच्याच एखाद्या यात्रेच्या पत्रकात छापलं, आणि पाच वर्षांनी कोणीतरी ते पत्रक पुरावा म्हणून घेऊन आलं, तर काय करणार? तू सुरुवातीला ज्याचा त्रास होतो म्हणालास तेच तू कारखाना लावून तयार करशील.

मोडी कागदाचं पहिलं वाचन, मुलाखतीचं टायपिंग, दोन पानांत तारखा जुळतात का ते शोधणं, असल्या कामाला मशीन जरूर लावा, माणसानं परत बघायचं एवढंच. पण पानावरचं वाक्य त्यानं घडवायचं नाही.

थोडी पानं करा आणि घट्ट करा. केशवराव भोसले नाट्यगृहापासनं सुरू करा असं मी म्हणेन. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली तेव्हा अख्खं कोल्हापूर हळहळलं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, १९१५ ला खुलं झालं, त्याचं बांधकाम, रंगमंच, झालेली नाटकं, डागडुजी, आग, पुन्हा उभारणी, एवढ्याचं प्रत्येक वाक्य आधारासकट एका पानावर आलं तर लोकांना दिसेल की तुम्ही काय करू बघताय.

उचगाव_फाटा

मोकळा परवाना आणि प्रती ठेवणार असाल तर माझी हरकत मागं घेतो. फक्त एक, जे विकिपीडियाच्या नियमात बसतं ते तिथंही टाका, फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाच्याच घरातला मोकळ्या फोटोंचा साठा), प्रताधिकार संपलेली जुनी पुस्तकं विकिस्रोतवर (तसाच पुस्तकांचा साठा). लेखक जाऊन ६० वर्षं झाली की पुस्तक मोकळं होतं, अशी कोल्हापुरावरची बरीच पुस्तकं वाचनालयांत धूळ खात पडलीत. स्कॅनिंगला मी येतो, माझ्याकडं चांगला कॅमेरा आणि स्टँड आहे.

मोडी_दप्तर

नाट्यगृहाची कल्पना उत्तम. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, जुन्या नियतकालिकांसाठी आधी तिथं चौकशी करू. दरबारी कागदांसाठी पुराभिलेखागारात अर्ज द्यावा लागतो, ओळखपत्र आणि कशासाठी बघायचंय ते लिहून न्यावं. कळंबेकर, तुमच्या इतिहासाच्या मित्रांना घेऊन कामाच्या दिवशी सकाळी या, मी सोबत येतो. बांधकामाच्या जमाखर्चाचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) मागवू. त्यात पाथरवटांची, सुतारांची नावं आणि मजुरी सापडली तर ती पण पानावर घ्यायची.

कागलच्या_बाई

सर, नावं सापडली तर मला जरूर कळवा. नववीच्या मुलांना घेऊन त्या आडनावांची घरं शोधता येतील, रेकॉर्डिंग आम्ही करू.

राजाराम_बंधारा

पुराची शीट कळंबा कट्टाला मेसेजमध्ये पाठवली. २००५ च्या पुराच्या रकान्यात माझ्याकडं बुलेटिन नाही, फक्त पेपरची कात्रणं आहेत, म्हणून तो रकाना पिवळा ठेवलाय. कोणाकडं त्या वर्षीचं सरकारी काही असेल तर द्या, तोपर्यंत तो पिवळाच राहू दे.